दशावतार आणि दहावीचा धडा

उत्क्रांतीच्या शिक्षणाला धर्माचा विरोध होतो असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिका येते. टेनेसी राज्यातील डेटन गावात १९२५ साली जॉन स्कोप्स या शिक्षकावर भरलेला खटला, त्याला झालेला शंभर डॉलरचा दंड (तो पुढे वरच्या कोर्टात तांत्रिक कारणावरून रद्द झाला) आणि त्यानंतर थेट २००५ साली पेनसिल्व्हेनियातील डोव्हरच्या निकालापर्यंत चालत आलेले कज्जे. या हकिकती सांगून झाल्या की आपण समाधानाने म्हणतो, ‘आपल्याकडे तसे काही नाही.’

खरेच नाही. धडा शिकवला म्हणून आपल्याकडे पालक भांडायला येत नाहीत. पालक, विद्यार्थी आणि पुष्कळदा शिक्षकही म्हणतात, ‘हे तर आपल्याकडे पहिल्यापासूनच आहे.’ मत्स्य म्हणजे जलचर, कूर्म म्हणजे उभयचर, वराह म्हणजे जमिनीवरचा पशू, नरसिंह अर्धा पशू व अर्धा माणूस, वामन म्हणजे अपुरी वाढ झालेला मानव, परशुराम हातात कुऱ्हाड घेतलेला रानटी मानव आणि मग राम-कृष्ण. शिक्षकांच्या शिबिरांत हे कोष्टक आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते फळ्यावर लिहिले जाण्याआधीच पाठ म्हणता येते. ते सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. परकी वाटणारी कल्पना ओळखीच्या गोष्टीला बांधली की मुलांना लवकर समजते, हे अध्यापनाचे जुने तत्त्व आहे. प्रश्न एवढाच आहे, की या बांधणीत मुलांना नेमके समजते काय?

आधी साध्या चुका पाहू. कासव उभयचर नाही. ते सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वर्गात मोडते, आणि हे याच विद्यार्थ्यांना प्राण्यांच्या वर्गीकरणात शिकवलेले असते. कासवाकडे जाणारी शाखा आणि सस्तन प्राण्यांकडे येणारी शाखा तीस कोटी वर्षांहूनही आधी वेगळ्या झाल्या. आपल्या पूर्वजांत कासव नाही, डुक्कर नाही, सिंहही नाही. हे सर्व आपले चुलत भाऊबंद, आजोबा नव्हेत.

दुसरे असे की, मूळ कथांनाही हे कोष्टक मानवत नाही. मत्स्यावतारात मासा वाढवणारा मनू माणूसच आहे. कूर्मावतारात समुद्रमंथनासाठी देव आणि दानव दोन्ही हजर आहेत. वामन हा अपुऱ्या वाढीचा मानव नसून मुंज झालेला बटू आहे आणि तोच पुढे त्रिविक्रम होतो. क्रमाचे म्हणाल तर भागवत पुराणाच्या पहिल्या स्कंधात बावीस अवतारांची यादी आहे. तीत वराह दुसरा, मत्स्य दहावा आणि कूर्म अकरावा येतो. शिवाय अवतार असंख्य आहेत असेही तिथे सांगितले आहे. डुकरानंतर मासा, अशी ही ‘उत्क्रांती’ कोण मान्य करील? पुराणकारांना तसे काही सांगायचेच नव्हते. धर्माला ग्लानी आली की देव कोणते रूप घेतो, हा त्यांचा विषय. त्यांच्या ग्रंथाला जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक ठरवून आपण त्यांचाही मान राखत नाही.

मग ही तुलना आली कुठून? डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ १८५९ साली निघाला. थिऑसफिस्ट चळवळीच्या मादाम ब्लाव्हॅट्स्की यांनी १८७७ साली ‘आयसिस अनव्हेल्ड’मध्ये अवतारांची सांगड उत्क्रांतीशी घातली. १८८२ साली ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी कलकत्त्यातील व्याख्यानात तेच केले. म्हणजे ज्याला आपण प्राचीन ज्ञान म्हणतो ती तुलना डार्विननंतरची, एकोणिसाव्या शतकातली आहे. पारतंत्र्यात दुखावलेल्या मनाला तिची गरज का वाटली असेल हे आपण समजू शकतो. पण २०१९ च्या जानेवारीत जालंधरच्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये एका विद्यापीठाच्या कुलगुरूंनी बालवैज्ञानिकांपुढे दशावतार हा डार्विनहून सरस सिद्धान्त म्हणून मांडला, तेव्हा ती गरज कोणाची होती?

याहून गंभीर अशी एक गोष्ट महाराष्ट्रातल्या शिक्षकाने तरी विसरू नये. कोष्टकातला नववा अवतार बुद्ध. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असे मी मानणार नाही, ही एक आहे. ती प्रतिज्ञा घरच्या भिंतीवर लावलेल्या कुटुंबातली मुलगी तुमच्या वर्गात बसलेली असते. विज्ञानाच्या तासाला, विज्ञान म्हणून, तिला नेमके तेच सांगितले जाते. शेजारच्या बाकावर मुसलमान किंवा ख्रिस्ती मूल असते. त्याच्यासाठी हा धडा दुसऱ्यांच्या धर्माचा होऊन बसतो. जे ज्ञान सर्वांचे व्हायचे, त्याच्या दारावर आपणच एक पाटी लावतो.

पण समजा या सगळ्या चुका दुरुस्त केल्या, तरी मुख्य दोष राहतोच. दशावताराचे कोष्टक ही शिडी आहे. खाली मासा, वर माणूस आणि माणसांतही खालचे व वरचे. डार्विनचे चित्र शिडीचे नाही, फांद्या फुटत जाणाऱ्या झाडाचे आहे. आजचा मासा हा माणूस होता होता राहून गेलेला प्राणी नव्हे; त्याच्या मागेही उत्क्रांतीचा तेवढाच काळ आहे जेवढा आपल्या मागे.

ही शिडी आपल्या मनात फार खोल रुजलेली आहे. चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरून मनुष्यजन्म मिळतो, हे कीर्तनात ऐकत आपण मोठे झालो. त्या कल्पनेत योनी कायमच्या ठरलेल्या आहेत, एसटीच्या थांब्यांसारख्या. प्रवास जीवाचा होतो. उत्क्रांतीत नेमके उलट आहे. तिथे प्रवासी कोणी नाही, थांबेच पिढ्यान् पिढ्या बदलत जातात. कल्पाचेही तसेच. पुराणांतला कल्प ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे, म्हणून आपल्याला मोठ्या काळाची भीती वाटत नाही. सहा हजार वर्षांची पृथ्वी मानणाऱ्या माणसाला जी अडचण येते ती आपल्याला येत नाही, हे खरे. पण अडचण आली नाही म्हणजे विषय समजला असे होत नाही.

आपल्या शब्दानेही थोडा घोटाळा केला आहे. ‘उत्क्रांती’तला ‘उत्’ वर नेणारा आहे. वेदान्तात हा शब्द प्राण देहातून निघून जाण्यासाठी येतो. मराठीत आपण तो ‘क्रांती’च्या जोडीला हळूहळू होणारी प्रगती या अर्थी वापरतो. हिंदीतला ‘विकास’ त्याहूनही अवघड. बंगालीतला ‘विवर्तन’ हा शब्द आम्हाला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्यात वर किंवा खाली काही नाही. आता शब्द बदलणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. पहिल्या तासाला पाच मिनिटे त्यावर बोलले तरी पुरे.

२०१८ च्या जानेवारीत औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी, वानराचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही, डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे आणि अभ्यासक्रमात बदल हवा, अशा अर्थाचे विधान केले. देशातल्या तीनही विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून त्याचा प्रतिवाद केला, तो योग्यच होता. पण आम्हा संशोधकांनी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता. ‘माकडाचा माणूस झाला’ हे वाक्य मंत्र्यांनी कुठून आणले? ते आपल्या शाळांतूनच आले. वाकलेल्या वानरापासून ताठ चालणाऱ्या पुरुषापर्यंतची ती प्रसिद्ध रांग रुडॉल्फ झालिंगर या चित्रकाराने १९६५ साली एका लोकप्रिय पुस्तकासाठी काढली आणि तेव्हापासून ती जगभर पुस्तकांत, तक्त्यांवर, जाहिरातींत फिरते आहे. चिंपांझीचा आणि आपला एक समान पूर्वज साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी होता; तो चिंपांझीही नव्हता आणि माणूसही नव्हता. चिंपांझी माणूस होताना दिसत नाही यात आश्चर्य नाही. दिसला असता तर मात्र डार्विनवाद्यांची पंचाईत झाली असती.

दिल्लीच्या एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातील ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातून उत्क्रांती काढून टाकली आणि २०२३ च्या नव्या छपाईत प्रकरणाचे नाव नुसते ‘आनुवंशिकता’ उरले. अभ्यासाचा बोजा कमी करण्याचे कारण देण्यात आले. अठराशेहून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी त्याविरुद्ध जाहीर पत्र लिहिले. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय आहे असे उत्तर मिळाले. पण दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या मुलांनी काय करायचे? वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती डार्विनचे नाव गेल्याची. आम्हाला खंत वाटली ती दुसऱ्या एका भागाची. उत्क्रांती म्हणजे प्रगती समजू नये, असे सांगणारा एक स्वतंत्र भागच त्या प्रकरणात होता. शिडी मोडणारा शालेय पुस्तकातला तो दुर्मीळ मजकूर. तोही गेला.

महाराष्ट्राच्या राज्य मंडळाने २०१८ साली आणलेल्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग २ मध्ये ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. त्याबद्दल मंडळाचे अभिनंदन करायला हवे. आमची तक्रार आहे ती धडा ज्या रीतीने शिकवला जातो तिच्याबद्दल. पुरावे पाठ होतात: अवशेषांगे, जीवाश्म, जोडणारे दुवे. नैसर्गिक निवड मात्र ‘बळी तो कान पिळी’ या म्हणीवर आटोपते. ही म्हण इथे साफ चुकीची आहे. प्रश्न बळाचा नाही, कोणाची संतती अधिक संख्येने मागे राहते याचा आहे.

नैसर्गिक निवड समजावण्यासाठी गॅलापॅगोस बेटांवर जायला नको. विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलांना गुलाबी बोंडअळी माहीत आहे. आपल्या देशात बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली. २०१० साली गुजरातमध्ये गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटी वाणांना दाद देईनाशी झाल्याचे जाहीर झाले, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात दोन जनुकांच्या बीटी कपाशीचीही बोंडे तिने पोखरली. शेतकरी म्हणतात, ‘अळीला विषाची सवय झाली.’ इथेच शिक्षकाने थांबावे. सवय कोणत्याही एका अळीला झाली नाही. विष पोटात गेलेल्या अळ्या मेल्या. कोट्यवधींमध्ये ज्या थोड्या अळ्यांच्या अंगी जन्मतः तो बदल होता त्या जगल्या, त्यांचे पतंग झाले, त्यांनी अंडी घातली. पुढच्या पिढीत तशांचे प्रमाण वाढले. बदल विषामुळे झाला नाही. विषाने फक्त निवड केली. ‘सवय’ म्हणणे आणि ‘निवड’ म्हणणे यांत लामार्क आणि डार्विन यांच्यातला फरक आहे, आणि तो बापाच्या शेतात दिसतो.

यात कुठे हेतू नाही, योजना नाही, वर चढणे नाही. श्रद्धेला खरा धक्का बसतो तो इथे, आणि दशावताराचे कोष्टक नेमके हेच झाकून टाकते. म्हणूनच ते सोयीचे वाटते. ते बाजूला केले की मग एखादा मुलगा उभा राहून विचारतो, ‘सर, मग देव नाही का?’

दोन उत्तरे आम्हाला मान्य नाहीत. ‘नाही’ हे एक. कारण ते ठरवणे जीवशास्त्राच्या आवाक्यात नाही. ‘विज्ञान आणि धर्म एकच सांगतात’ हे दुसरे. कारण ते खरे नाही. प्रत्येक जात वेगळी निर्माण केली गेली, असा कोणाचा आग्रह असेल तर पुरावा त्याच्या विरुद्ध आहे, हे स्पष्ट सांगावे लागते. त्यापलीकडे, हाच सिद्धान्त उभा करणारी माणसे कोण होती ते मुलांना सांगावे. रोनाल्ड फिशर चर्चला जाणारे अँग्लिकन ख्रिस्ती होते. डोब्झान्स्की ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती श्रद्धा बाळगून होते, आणि उत्क्रांतीवाचून जीवशास्त्राला अर्थच राहत नाही असे त्यांनीच १९७३ साली अमेरिकेतल्या जीवशास्त्र शिक्षकांच्या मासिकात लिहिले. हॉल्डेन नास्तिक, ते भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. देवाविषयी या तिघांचे कधी एकमत झाले नसते. नैसर्गिक निवडीच्या गणिताबद्दल झाले. मुलाला घरी जाऊन विचार करायला एवढे पुरेसे आहे. त्याचा विचार शिक्षकाने तासाभरात संपवून देऊ नये.

धडा पहिला असल्यामुळे तो जून-जुलैत येतो, कपाशीच्या लावणीच्या सुमारास. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर अनेक वर्षे बिगर-बीटी बियाण्याचे १२० ग्रॅमचे छोटे पाकीट मिळत असे. शेताच्या कडेने पाच ओळी त्याच्या लावा, अशी सूचना असे. बहुतेकांनी ते बांधावर टाकून दिले. ते का दिले होते, हे मुलांना विचारावे. त्या पाच ओळींवर विषाला बळी पडणाऱ्या अळ्या सुखाने वाढाव्यात, त्यांच्या पतंगांचा दाद न देणाऱ्या थोड्या पतंगांशी संकर व्हावा आणि पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडणारी निघावी, यासाठी. ज्या मुलाला हे उत्तर पुस्तक न उघडता देता येईल, त्याला अवशेषांगांची यादी थोडी चुकली तरी आम्ही पूर्ण गुण देऊ.