पाचवा स्तंभलेख आणि वन्यजीव-संरक्षणाची नीती

सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखाला ‘जगातील पहिला वन्यजीव-संरक्षण कायदा’ म्हणण्याची प्रथा आपल्या व्याख्यानांतून व स्मरणिकांतून रूढ झाली आहे. हे ऐकून अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अभिमान हे समीक्षेचे साधन नव्हे. लेखात प्रत्यक्ष काय कोरले आहे हे न पाहता केलेला गौरव त्या लेखाचाच आशय झाकून टाकतो.

हा लेख राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यानंतरचा आहे. त्यात अवध्य ठरविलेल्या प्राण्यांची यादी येते : पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ, मुंग्या, कासव, साळिंदर, खार, पांढरी कबुतरे, गावातली कबुतरे. काही नावांच्या अर्थाविषयी विद्वानांत आजही एकमत नाही. पण यादीत काय नाही, ते अधिक बोलके आहे. वाघ नाही, सिंह नाही, हत्ती नाही. सारनाथच्या स्तंभशीर्षावर चार सिंह बसविणाऱ्या राजाने सिंहाला अवध्य म्हटले नाही, मुंगीला म्हटले! ज्यांना आज ‘दर्शनीय’ म्हणून संरक्षण मिळते, त्यांच्याकडे या लेखाचे लक्षच नाही. यादीच्या शेवटी, जे उपयोगाला येत नाहीत आणि खाल्लेही जात नाहीत असे सर्व चतुष्पाद प्राणी अवध्य ठरविले आहेत.

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या अनुसूचींशी या यादीची तुलना केली की फरक ध्यानात येतो. अनुसूची विचारते : ही जात किती उरली आहे? स्तंभलेख विचारतो : या जीवाला मारण्याचे कारण काय? पहिल्या प्रश्नात मोल जातीचे आहे. दुसऱ्यात मारणाऱ्याच्या हेतूचे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचे विवेचन करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला, आणि तत्त्व व नियम यांतही. नियम माणसाला बांधतो, तत्त्व त्याला विचार करून वागण्यास मोकळे ठेवते, हा त्या विवेचनाचा गाभा. ‘उपयोगाला येत नाहीत आणि खाल्ले जात नाहीत’ ही अशोकाची कसोटी याच भेदाच्या जवळ जाते. गरजेविना मारणे म्हणजे केवळ इच्छेने मारणे.

लेखातील उर्वरित आज्ञाही एकाच साच्याच्या नाहीत. गाभण वा दूध पाजणारी शेळी, मेंढी, डुकरीण आणि सहा महिन्यांच्या आतील पिल्ले मारू नयेत, येथे एकेका जीवाविषयीची करुणा आहे. जीव असलेला भुसा जाळू नये, निष्कारण वा जीवहिंसेसाठी वन पेटवू नये, येथे अधिवासाचा विचार आहे. आणि माझ्या मते हीच या लेखातील सर्वांत दूरदृष्टीची आज्ञा होय. उपोसथाच्या दिवशी मासे मारू वा विकू नयेत, हे मात्र प्राण्यासाठी नसून माणसाच्या शीलासाठी आहे. माशाला अष्टमी काय आणि चतुर्दशी काय!

पाश्चात्त्य नीतिशास्त्रात या भूमिका परस्परांविरुद्ध उभ्या राहिल्या. ‘गेम मॅनेजमेंट’ हे १९३३ चे पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्या अल्डो लिओपोल्ड यांनी पुढे, १९४९ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात, समग्र जीवसमुदायाचे हित हीच योग्यायोग्यतेची कसोटी मानली. टॉम रेगन यांनी १९८३ मध्ये यालाच ‘पर्यावरणीय फॅसिझम’ म्हणून हिणवले, कारण समूहाच्या नावाखाली व्यक्तीचा बळी जातो. वर्णव्यवस्था भोगलेल्या समाजाला रेगन यांचा आक्षेप समजावून सांगण्याची गरज पडू नये. तथापि रेगन यांचा विचार व्यक्तिप्राण्यापाशी थांबतो आणि पेटवलेल्या वनाविषयी फारसे सांगू शकत नाही. अशोकाच्या लेखात दोन्ही आहेत, परंतु त्यांत संघर्ष झाल्यास काय करावे हे मात्र लेख सांगत नाही.

आता गौरवग्रंथ ज्या ठिकाणी मौन पाळतात तेथे येऊ. या आज्ञांचा भार कोणावर पडला? त्याच लेखात नागवनांचा आणि केवटांच्या राखीव जलक्षेत्रांचा उल्लेख आहे. ठरावीक दिवशी मासळी न विकण्याची झळ केवटाला लागली असणार, महामात्राला नव्हे. तेराव्या शिलालेखात अटवींतील लोकांना समजावणी आहे, आणि पश्चात्ताप झाला असला तरी राजाकडे दंडाचे सामर्थ्य आहे याची जाणीवही दिली आहे. कलिंगाचे दुःख व्यक्त करणाऱ्या लेखातच हे वाक्य यावे, हे टोचते. विदर्भाशी या आज्ञांचा संबंध केवळ कल्पनेचा नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथील शिळेवर प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारा ब्राह्मी लेख आहे, म. म. मिराशी यांनी तो अशोककालीन मानला. पुढे त्याच शिळेवर वाकाटक रुद्रसेनाचा लेख कोरला गेला. मनाईची आज्ञा त्या अरण्यापर्यंत पोचली होती. तेथील माणसांना ती कशी वाटली, हे शिळा सांगत नाही.

अशोकाच्या बाजूने एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. त्याने आरंभ स्वतःच्या मुदपाकखान्यापासून केला : पहिल्या शिलालेखानुसार तेथील वध दोन मोर व एक हरीण इतका उरला, आणि तोही थांबविण्याचे वचन आहे. ज्याचा तुकडा सोपाऱ्यास १८८२ मध्ये सापडला, त्या आठव्या लेखात मृगयेच्या विहारयात्रेची जागा धम्मयात्रेने घेतल्याचे सांगितले आहे. आधुनिक भारतात घडले ते उलट. भरतपूरच्या केवलादेव घन्यात १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या एका शिकारीत चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये बंदी आली ती म्हशींच्या चराईवर, आणि विरोध करणारे काही ग्रामस्थ पोलिसांच्या गोळीबारात मरण पावले. पुढे मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून दिसले की म्हशी हटल्याने गवत माजले, उथळ पाणी गुदमरले आणि पाणपक्ष्यांचीच हानी झाली. माणसाचा अनुभव न विचारता केलेली बंदी पक्ष्यांच्याही उपयोगी पडली नाही.

सातव्या स्तंभलेखात अशोकाने स्वतःच आपल्या पाचव्या लेखाची समीक्षा केली आहे, असे मी मानतो. धम्माची वाढ दोन मार्गांनी होते, नियमाने आणि ‘निझति’ने, म्हणजे मनन व मनवळवणीने, प्राणी अवध्य ठरविणे हा नियम झाला, पण नियमाचे मोल अल्प, निझतीचे अधिक, असा त्याचा निष्कर्ष आहे. ‘पहिला कायदा’ म्हणून त्याला गौरविणारे त्याचे हे मत विसरतात.

२००६ च्या वनाधिकार कायद्याने संकटग्रस्त वन्यजीव अधिवासातून लोकांना हलविण्यापूर्वी सहजीवन अशक्य असल्याचे ठरविणे आणि ग्रामसभेची माहितीपूर्ण, मुक्त व लेखी संमती घेणे आवश्यक केले. ही तरतूद निझतीच्या जातीची आहे. ताडोबाच्या गाभाक्षेत्रातून गावे हलली आहेत. आणि त्याच जिल्ह्यात मोहफुले वा तेंदूपाने वेचताना वाघाच्या हल्ल्यात माणसे आजही दगावतात. पहाटे जंगलात जाणारा तो माणूस कोणत्या समाजाचा असतो, हे देवटेकच्या शिळेपासून फार दूर न जाता पाहता येते.