बहिणाबाईंचे पूर्वजन्म : प्रक्षेप कीं सिद्धांत?

संत बहिणाबाई शिऊरकर (शके १५५०–१६२२) यांच्या गाथेंतील निर्याणाच्या अभंगांत, देह ठेवण्यापूर्वी त्यांनी पुत्र विठोबास आपले मागील बारा जन्म कथन केले आहेत. चालू जन्म तेरावा. जस्टिन ॲबट यांच्या १९२९ सालच्या इंग्रजी भाषांतरामुळें हा भाग महाराष्ट्राबाहेरही पोंचला. यावर एक आक्षेप सहज सुचतो. जी साध्वी अन्यत्र जीवब्रह्मैक्य प्रतिपादिते, ती 'मी अमुक जन्मीं अमुक होतें' असें कसें म्हणेल? सबब हे अभंग मागाहून घुसडलेले असावेत. प्रस्तुत लेखक शाळेंत शिकवितांना याच समजुतीनें हा भाग गाळीत असे. ती चूक होती, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे.

बृहदारण्यकाच्या चौथ्या अध्यायांतील चौथें ब्राह्मण पाहावें. गवताच्या टोकास पोंचून पुढील आधार धरणाऱ्या जळूप्रमाणें आत्मा देहांतर करितो, असें तेथें सांगितलें आहे. आणि थोड्याच कंडिकांनंतर, निष्काम पुरुषाचे प्राण कोठेंही जात नाहींत, तो ब्रह्मरूपच होतो, असेंही. एकाच ब्राह्मणांत दोन्ही वचनें नांदतात, कारण अवस्था दोन आहेत. वासना आहे तोंवर लिंगदेह संस्कारांसह जातो. नांव, कुळ व रूप मागें राहतात. ज्ञान झाल्यावर जाणाराच उरत नाहीं. बहिणाबाईंचें कथन पहिल्या अवस्थेचा हिशेब आहे, आणि तो दुसरीच्या उंबरठ्यावर दिला आहे. त्यांत अद्वैताचा भंग नाहीं. संस्कारांच्या साक्षात्कारानें पूर्वजातींचें ज्ञान होतें, हें पतंजलीसही मान्य आहे.

एक अडचण मात्र खरी आहे. माता आपला व पुत्राचा पूर्वजन्मींचा संबंधही सांगते. नांवरूप गळल्यावर नातें कशाच्या आधारें टिकलें? ऋणानुबंध हें लोकांचें उत्तर. शास्त्राचें उत्तर तितकें सोपें नाहीं. परंतु मरणोन्मुख मातेच्या तोंडीं तर्काची पूर्णता शोधणें हेंच मुळीं अरसिकपणाचें आहे.

तात्पर्य, हे अभंग प्रक्षिप्त असतीलही. पण तो निर्णय हस्ताक्षर, नाममुद्रा, अभंगांचा क्रम व प्रतींची परंपरा यांवरून व्हावा. आपल्या वेदांतास न रुचणारें पान बाडांतून वेगळें काढणें हें संशोधन नव्हे. संग्राहकांनीं असें पान प्रथम जपून ठेवावें. वाद मागाहून करावा.