ब्लॉक लांबला म्हणजे औषध सरस ठरले का? प्रीएक्लॅम्प्सियातील स्पायनल पूरक औषधांच्या अभ्यासांचे समीक्षण

प्रीएक्लॅम्प्सिया असलेल्या स्त्रीच्या सिझेरियनसाठी स्पायनलमध्ये ब्युपिव्हॅकेनबरोबर कोणते पूरक औषध द्यावे, यावरचे अभ्यास तुम्ही वाचाल तेव्हा एक साचा वारंवार दिसेल. एका गटाला फेंटानिल, दुसऱ्याला डेक्समेडेटोमिडिन किंवा मॅग्नेशियम दिले जाते. मग ब्लॉक किती वेळ टिकला आणि वेदनाशामकाची पहिली मागणी केव्हा आली, हे मोजतात. ज्या गटाचा काळ जास्त, ते औषध सरस ठरते. प्रीएक्लॅम्प्सियात ही मोजपट्टी दिशाभूल करू शकते. ती कशी, ते पाहू.

प्रथम रक्तदाब. तीव्र प्रीएक्लॅम्प्सियात स्पायनलने रक्तदाब कोसळेल, ही जुनी भीती आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील एका तुलनेत रक्तदाबाची लक्षणीय घट तीव्र प्रीएक्लॅम्प्सियाच्या सुमारे १७ टक्के, तर निरोगी गर्भवतींपैकी सुमारे ५३ टक्के स्त्रियांत आढळली. मात्र प्रत्येक गटात ३० च स्त्रिया होत्या आणि सर्वांना ब्युपिव्हॅकेनसोबत सुफेंटानिल व मॉर्फिन दिले होते. त्यामुळे पूरक औषधाचा वाटा किती, हे त्यातून कळत नाही. पूरक औषधाचा खरा उपयोग ब्युपिव्हॅकेनची मात्रा कमी करता येण्यात आहे. ज्या अभ्यासात सर्व गटांना ब्युपिव्हॅकेन सारखेच दिले आहे, त्यात हा उपयोग तपासलाच जात नाही.

दुसरा मुद्दा वॉर्डमधला. या स्त्रीला शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट चालू असते आणि त्याची विषबाधा ओळखण्यासाठी परिचारिका गुडघ्याचा रिफ्लेक्स तपासते. स्पायनलचा अंमल असेपर्यंत तो मिळत नाही, म्हणून कोपराजवळचा बायसेप्स रिफ्लेक्स पाहावा लागतो. म्हणजे पायांची हालचाल जितका जास्त वेळ बंद, तितका जास्त वेळ नेहमीची खूण हरवलेली. डेक्समेडेटोमिडिन किंवा क्लोनिडिनने गुंगी आली, तर ती औषधाची की मॅग्नेशियमची, हा प्रश्न रात्रपाळीच्या डॉक्टरला सोडवावा लागतो. अभ्यासात जो लाभ म्हणून नोंदवला, तो इथे अडचण ठरू शकतो.

तिसरा मुद्दा मापाचा. फेंटानिलच्या ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावणातून २५ मायक्रोग्रॅम घ्यायचे तर ०.५ मिलिलिटर लागते. हे सहज मोजता येते. १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या डेक्समेडेटोमिडिनमधून ५ मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०५ मिलिलिटर. ५० टक्के मॅग्नेशियम सल्फेटमधून ५० मिलिग्रॅम म्हणजे ०.१ मिलिलिटर. एवढ्या थेंबात चूक किती सहज होईल, ते तुम्हीच ठरवा. म्हणून औषध कसे विरल केले, कोणत्या सिरिंजने मोजले आणि त्यात परिरक्षक होते का, हे अभ्यासात लिहिले आहे का, ते शोधा.

मग दीर्घ वेदनाशमन नकोच का? तसे नाही. वेदनेने रक्तदाब चढतो. मूत्रपिंड बिघडले असेल किंवा प्लेटलेट कमी असतील, तर डायक्लोफेनॅकसारखी औषधे टाळावी लागतात. अशा वेळी परिरक्षकविरहित मॉर्फिन १०० ते १५० मायक्रोग्रॅम मोलाचे ठरते, कारण ते पायांची ताकद अडवून न ठेवता अनेक तास वेदना शमवते. खाज आणि मळमळ होते. उशिरा येणारे श्वसनमांद्य दुर्मीळ, पण सोबत मॅग्नेशियम असल्याने श्वासावर नियमित लक्ष हवेच. तशी देखरेख शक्य नसेल, तर फेंटानिलवर थांबणे अधिक शहाणपणाचे.

पुढचा असा अभ्यास हाती आला की मिनिटांचा तक्ता थोडा बाजूला ठेवा. पायांची हालचाल केव्हा परतली, गुंगी किती होती, रक्तदाब वाढवणारे औषध किती लागले, बाळाची अवस्था कशी होती, हे आधी पाहा. ही उत्तरे नसतील, तर तो अभ्यास ब्लॉकबद्दल सांगतो, त्या स्त्रीबद्दल नाही.