‘एव्हिडन्स’ म्हणजे ‘प्रमाण’ नव्हे

इंग्रजीतील ‘एव्हिडन्स’ या शब्दासाठी आपल्याकडे पुरावा, साक्ष, प्रमाण आणि सिद्धता हे चारही शब्द एकाच अर्थाचे समजून वापरले जातात. बौद्ध इतिहासविषयक लेखनात हा केवळ शैलीचा दोष राहत नाही, तो विचारपद्धतीचा दोष ठरतो.

मूळ शब्दाच्या बुडाशी लॅटिनमधील ‘पाहणे’ हा अर्थ आहे. त्याला सर्वांत जवळचा आपला शब्द ‘साक्ष’. पालीत ‘सक्खि’ म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा. दीघनिकायातील तेविज्जसुत्तात भगवान बुद्ध वासेट्ठाकडून हेच वदवून घेतात की, तीन वेद जाणणाऱ्या ब्राह्मणांपैकी कोणालाही ब्रह्मा ‘सक्खिदिट्ठ’ नाही. बंगालीत या शब्दाची दोन रूपे दिसतात. कायद्याच्या भाषेत ‘साक्ष्य’ आणि नित्य व्यवहारात ‘प्रमाण’. परंतु हे ‘प्रमाण’ पुराव्यालाही लागते आणि सिद्धतेलाही. मराठीने १८७२ च्या अधिनियमासाठी ‘पुरावा’ हा शब्द रूढ केला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. नाव बदलले तरी मूळ भेद कायम आहे. न्यायालयापुढे जे मांडले जाते तो पुरावा. त्याचा विचार करून न्यायालय ज्या निष्कर्षाला येते ती शाबिती.

‘प्रमाण’ या शब्दाची अडचण याहून गंभीर आहे. वेदप्रामाण्य, शब्दप्रामाण्य या प्रयोगांमुळे त्याला अधिकारवाणीचा अर्थ चिकटलेला आहे. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती यांनी प्रत्यक्ष व अनुमान ही दोनच प्रमाणे मानली आणि शब्दाला स्वतंत्र प्रमाणाचे स्थान नाकारले. कालामांना केलेल्या उपदेशात तर ‘हा श्रमण आमचा गुरू आहे’ एवढ्यावरूनही काही स्वीकारू नये, असे सांगितले आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनात या एकाच इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ स्पष्ट दिसतात. १९१९ साली साउथबरो समितीपुढे त्यांनी दिली ती ‘साक्ष’. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’च्या प्रस्तावनेत ज्याच्या अभावाची ते चर्चा करतात तो ‘पुरावा’. प्रत्यक्ष पुरावा नसेल तेथे तुटलेले दुवे अनुमानाने जोडून कामचलाऊ सिद्धान्त मांडण्याचा संशोधकाला अधिकार आहे, अशी त्यांची भूमिका आहे. सिद्धान्त आणि शाबिती यांतील अंतर त्यांनी स्वतःच राखलेले आहे.

या दृष्टीने देहूरोडचे उदाहरण तपासण्याजोगे आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी तेथील विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना करताना, पंढरपूरचा विठोबा म्हणजे मूळची बुद्धमूर्ती होय, असे बाबासाहेबांनी प्रतिपादन केले आणि या विषयावर प्रबंध लिहिण्याचा मानस जाहीर केला. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले; तो प्रबंध आपल्याला मिळाला नाही. आज हेच विधान ‘बाबासाहेबांनी सिद्ध केले आहे’ अशा शब्दांत उद्धृत होते. ज्या अर्थी त्यांनी स्वतः प्रबंधाची गरज सांगितली, त्या अर्थी पुरावा मांडण्याचे काम त्यांनी शिल्लक मानले होते, हे उघड आहे.

पुरावा कसा असतो, ते त्याच परिसरात पाहता येते. देहूरोडजवळच्या शेलारवाडीच्या डोंगरातील घोरावडेश्वराच्या लेण्यात आज शिवलिंग पूजले जाते. परंतु तेथील ब्राह्मी लेखांत ‘चेतियघर’ दान केल्याचा उल्लेख आहे. धेनुकाकट येथील शेतकऱ्याच्या पत्नीने लेणे दान दिल्याचाही आहे. येथे मूळ स्थान बौद्ध असल्याचे दगडच सांगतो. पंढरपूरच्या मूर्तीबाबत असा लेख पुढे आलेला नाही. तेथे संतांच्या वाणीतील विठ्ठल व बुद्ध यांचे ऐक्य आणि नवव्या अवताराच्या जागी विठ्ठल दाखविण्याची चित्रपरंपरा हाती लागते. ही साक्ष मोलाची आहे, मात्र ती संतकाळातील लोकांच्या समजुतीची साक्ष आहे. मूर्तीच्या उगमाबाबत तिच्यावरून फक्त अनुमान करता येते. शिवाय डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधले आहे. त्या युक्तिवादाला उत्तर दिल्यावाचून आपला पक्ष पुढे सरकणार नाही.

असे म्हणण्याने बाबासाहेबांचा अधिकार उणावतो, अशी शंका कोणी घेईल. वस्तुतः त्यांचे विधान ‘प्रमाण’ मानून थांबणे म्हणजे ज्या शब्दप्रामाण्याविरुद्ध ते आयुष्यभर लढले, त्यालाच आपल्या घरात जागा देणे होय. म्हणून ‘एव्हिडन्स’साठी वस्तू वा लेख असेल तेथे ‘पुरावा’, माणसाचे कथन असेल तेथे ‘साक्ष’ आणि निष्कर्ष पक्का झाल्यावरच ‘सिद्ध’ असे लिहावे. पाली आणि पुराभिलेखविद्या शिकलेल्या आपल्या तरुण अभ्यासकांनी विठ्ठलविषयक प्रबंधाचे काम याच शिस्तीने हाती घ्यावे.