अद्भुत आणि यंत्र : ऑनलाइन भूमिकाखेळांतील औचित्याचा प्रश्न

ऑनलाइन भूमिकाखेळांविषयी जी चर्चा होते तीत ‘अद्भुतरम्य’ आणि ‘विज्ञानकल्पित’ ही दोन द्रव्ये परस्परांपासून भिन्न, किंबहुना परस्परविरोधी मानली जातात आणि त्यांचे प्रमाण किती असावे असा प्रश्न उपस्थित केला जातो. तलवारींच्या जगात बंदुका किती असाव्यात, मंत्रांच्या राज्यात यंत्रांना कितपत थारा द्यावा, अशी ही मोजदाद असते. वैद्याने चूर्णाचे भाग सांगावेत तसे भाग येथे सांगितले जातात. वस्तुतः प्रश्नाची ही मांडणीच सदोष आहे. क्षेमेंद्राने औचित्याचा विचार केला तो संबंधाचा म्हणून, परिमाणाचा म्हणून नव्हे. अलंकार किती आहेत यापेक्षा ते कोठे व कशाच्या नात्याने घातले आहेत इकडे त्याचा रोख होता. हाच रोख ठेवून या खेळांकडे पाहिले तर विचारावयाचा प्रश्न निराळा ठरतो : एखाद्या कल्पित जगात विस्मयाचे अधिष्ठान कोठे आहे, आणि खेळाचे नियम त्या विस्मयाला आधार देतात की त्याचा घात करतात?

ऑनलाइन खेळांच्या आधीची एक कृती या संदर्भात विचारात घेणे उपयुक्त ठरेल. गॅरी गायगॅक्स यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळासाठी रचलेले ‘एक्स्पिडिशन टू द बॅरियर पीक्स’ हे साहसप्रकरण 1976 मध्ये एका स्पर्धेसाठी प्रथम वापरले गेले आणि 1980 मध्ये प्रसिद्ध झाले. डोंगरात कोसळलेल्या एका अवकाशयानात मध्ययुगीन वीर शिरतात, एवढेच त्याचे सूत्र. परंतु त्यातील योजना मार्मिक आहे. वीरांच्या हाती एखादे किरणास्त्र लागले तर सूत्रधार त्याचे नाव सांगत नाही. तो केवळ चित्र दाखवतो. त्या वस्तूचा उपयोग वीराला कळतो की नाही, की ती हाताळताना त्याचाच घात होतो, हे एका आलेखावरून फाशांच्या साहाय्याने ठरते. मेजाभोवती बसलेल्या माणसाला ती वस्तू काय आहे हे बहुधा उमगलेले असते, पण त्याच्या पात्राला ते ठाऊक नसते. ज्ञान आणि अज्ञान यांमधील हे अंतर हेच येथील अद्भुताचे अधिष्ठान होय. यंत्र तेथे परके आहे, आणि परके राहते म्हणूनच ते शोभते.

संगणकावरील खेळांत ही दरी बुजते. वस्तूवर माउसचा बाण नेताच एक चौकट उघडते. ‘टूलटिप’ या नावाने ती सर्वांच्या परिचयाची आहे. तीत वस्तूचे नाव, तिची पातळी, तिने होणारी हानी, तिची किंमत असे सर्व काही आकड्यांत लिहिलेले असते. पुराणातील खड्ग असो वा ताऱ्यांपलीकडून आलेले शस्त्र असो, दोहोंना चौकट एकच. अद्भुत आणि विज्ञान यांचा मेळ बिघडतो तो यंत्रे फार झाल्याने, असा एक समज आहे. तो खरा मानला तरी गौण आहे. दोहोंनाही आधी एका मोजपट्टीवर आणणारी ही चौकट त्याहून अधिक हानी करते.

1981 च्या ‘अल्टिमा’ या खेळात रिचर्ड गॅरियट यांनी तलवारधारी नायकाला अवकाशयानात बसवून अंतराळयुद्धही करावयास लावले होते. पुढे 1997 मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ आला तेव्हा त्याने अंतराळ वर्ज्य केले आणि शुद्ध मध्ययुगीन ब्रिटॅनिया उभी केली. तरीही यंत्र तेथून गेले नाही. हजारो खेळाडूंना एका सर्व्हरवर सामावून घेणे शक्य नसल्याने त्याच जगाच्या अनेक प्रती चालवाव्या लागल्या. या अडचणीचे स्पष्टीकरण खेळाने एका मिथकाने दिले : दुष्ट मॉन्डेनचे रत्न फुटले आणि त्याच्या प्रत्येक तुकड्यात जगाचे एकेक प्रतिबिंब राहिले. ‘शार्ड’ म्हणजे तुकडा हा शब्द तेव्हापासून या खेळांच्या परिभाषेत रूढ झाला आहे. खरे यंत्र, म्हणजे प्रत्यक्ष खेळ चालवणारे यंत्र, मिथकाच्या आड लपवण्याचा याहून नेटका प्रकार क्वचितच सापडेल.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ नोव्हेंबर 2004 मध्ये सुरू झाला. त्यात यंत्रांना आरंभापासून स्थान आहे, परंतु ते विदूषकाचे स्थान आहे. नोम आणि गॉब्लिन या बुटक्या जमाती यंत्रे बनवतात आणि ती यंत्रे हमखास फुटतात. अभियांत्रिकीचा व्यवसाय शिकलेला खेळाडू दूरस्थलांतराचे यंत्र वापरतो तेव्हा ते कधी त्याला आकाशात उंच सोडून देते, कधी त्याचे रूपच पालटते. याउलट जादूगाराचा स्थलांतरमंत्र कधीही चुकत नाही. त्याला लागणारी शक्ती ठरलेली, वेळ ठरलेला, फळ ठरलेले. येथे एक विलक्षण उलटापालट झालेली दिसते. ज्याला खेळ ‘जादू’ म्हणतो ते पुनःपुन्हा तपासता येणारे, निश्चित फल देणारे, म्हणजे शास्त्राचे गुण असलेले आहे. आणि ज्याला तो ‘यंत्र’ म्हणतो ते दैवाधीन आहे. नावे अदलाबदल झाली आहेत. ‘जादू जास्त की विज्ञान जास्त’ ही मोजदाद अशा ठिकाणी सर्वस्वी निरर्थक ठरते.

विदूषकाच्या या योजनेने एक काम साधले. यंत्र हास्यरसात अडकल्याने ते मंत्राचा प्रतिस्पर्धी बनले नाही. परंतु त्याची किंमतही मोजावी लागली. नोम लोकांची राजधानी नोमरेगन शत्रूंच्या आक्रमणात पडते ती त्यांनी स्वतःच सोडलेल्या किरणोत्सारी विषाने. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर लिहिलेल्या कथेत ही घटना हलकी असू शकत नाही. पण खेळात त्या विषाने विद्रूप झालेले नागरिक पुन्हा हास्याचेच विषय होतात. ज्या शोकाला खेळाने स्वतःच आवाहन केले होते, त्याच्यासमोर उभे राहण्याचे धैर्य त्याने दाखवले नाही.

जानेवारी 2007 मधील ‘द बर्निंग क्रुसेड’ या विस्तारात ड्रेनाय ही जमात आकाशातून येते. तिचे ‘एक्झोडार’ हे यान बेटावर कोसळते. त्या वेळी अनेकांना हे यान उपरे वाटले. हा आक्षेप अगदीच निराधार नाही, पण तो जेथे ठेवला जातो तेथे बसत नाही. एक्झोडार स्फटिकांचे आहे. त्याच्यामागे नारू या प्रकाशरूप सत्तांचे सामर्थ्य आहे. त्याला ना खिळे आहेत ना धूर. ते यानाचे काम करणारे देवालय आहे. खरा दोष आहे तो कथेच्या पूर्वापरसंबंधात. 2002 च्या ‘वॉरक्राफ्ट 3’ च्या वेळी सांगितलेल्या कथेप्रमाणे एरेडार या जमातीने सार्गेरासला भ्रष्ट केले होते. आता सार्गेरासने त्यांना भ्रष्ट केले असे ठरले. ही विसंगती कथाकार क्रिस मेट्झेन यांनी 2006 मध्येच जाहीरपणे मान्य केली. यानाची शंभर चित्रे जेवढा विश्वास मोडणार नाहीत तेवढा अशी एक दुरुस्ती मोडते. कारण सामूहिक जग हे लेखकांच्या स्मृतीइतकेच खेळाडूंच्या स्मृतीवर उभे असते.

याच खेळातील खरा धाडसी प्रयोग 2008 च्या विस्तारात आणि विशेषतः एप्रिल 2009 मध्ये उघडलेल्या ‘उल्डुआर’ या नगरीत आढळतो. येथे प्राचीन टायटनांनी घडवलेल्या जिवंत यंत्रांची वस्ती आहे. बुटके मूळचे पाषाणाचे होते, नोम मूळचे यांत्रिक होते, आणि ‘देहाचा शाप’ लागल्याने त्यांना रक्तमांस प्राप्त झाले, असा उलगडा केला जातो. देह ही येथे यंत्राची विकृती ठरते. कल्पना मोठी आहे. हास्याच्या कोपऱ्यात बसलेले यंत्र एकाएकी उत्पत्तिकथेच्या मुळाशी जाऊन बसते. परंतु खेळाच्या व्यवहारात तिचे पडसाद उमटत नाहीत. आपले पूर्वज यंत्रे होते हे कळल्यावरही नोम खेळाडूच्या हाती नवे काहीच येत नाही, जुने काही जातही नाही. शिकाऱ्याच्या धनुष्याची व बंदुकीची स्थितीही अशीच. पूर्वी त्याला बाण किंवा गोळ्या विकत घेऊन बाळगाव्या लागत. 2010 मध्ये ते बंधन निघाले आणि दोन शस्त्रांत ध्वनी व चित्र यांपलीकडे फारसा भेद उरला नाही. सोय झाली हे खरे. पण दोन युगांना वेगळे ठेवणारे एक लहानसे ओझेही नाहीसे झाले.

‘फायनल फँटसी 14’ या जपानी खेळाने हा प्रश्न अधिक गांभीर्याने हाताळला आहे. त्यातील गार्लीय लोकांना निसर्गतः मंत्रशक्ती वापरता येत नाही. याच उणिवेतून ते इंधनावर चालणारी यंत्रे उभारतात आणि याच उणिवेच्या शल्यातून साम्राज्य वाढवतात. यंत्र येथे शोभेसाठी आलेले नाही, त्याला कारण आहे. आणि ते कारण मानवी आहे. जादू व यंत्र यांचा भेद जित आणि जेत्यांच्या भेदात उतरल्याने तो नाट्याचा विषय बनतो.

या खेळाच्या चरित्रातच एक अपूर्व योग आहे. सप्टेंबर 2010 मध्ये सुरू झालेली त्याची पहिली आवृत्ती अपयशी ठरली. नाओकी योशिदा यांनी सूत्रे हाती घेऊन ती मोडून नव्याने बांधण्याचे ठरवले. नोव्हेंबर 2012 मध्ये जुने सर्व्हर बंद झाले, आणि कथेत त्याच क्षणी डालामूड नावाचा चंद्र पृथ्वीवर येऊन फुटला. डालामूड हा प्राचीन ॲलाग साम्राज्याने घडवलेला कृत्रिम उपग्रह आहे. सूर्याची ऊर्जा गोळा करणे हे त्याचे काम. आणि त्याच्या पोटात बंदिस्त आहे बाहामूट हा महानाग. बाहेर यंत्र, आत पुराण. ऑगस्ट 2013 मध्ये ‘अ रेल्म रीबॉर्न’ या नावाने खेळ पुन्हा सुरू झाला तो त्या प्रलयानंतरच्या भूमीवर. अल्टिमाच्या फुटक्या रत्नाची युक्ती येथे शोकात्म उंचीला गेली आहे, कारण या वेळी खेळाडूंचे खरोखरच काही नष्ट झाले होते.

जुलै 2024 मधील ‘डॉनट्रेल’ या विस्ताराने हा मेळ पुन्हा पणाला लावला. रानावनांतून व वाळवंटांतून जाणारी कथा उत्तरार्धात ‘सोल्यूशन नाइन’ या निऑनने उजळलेल्या नगरीत येते. हा पालट अनेकांना खटकला, आणि तो कथेत घाईने येतो हे नाकारता येत नाही; पूर्वार्धातील राज्यारोहणाच्या कथानकाने या नगरीची पूर्वतयारी फारच थोडी केली आहे. तथापि नगरीच्या मागे असलेली कल्पना उपरी नाही. तेथील नागरिक एक यंत्र अंगावर वागवतात. कोणी मेले की त्याची स्मृती जिवंतांच्या मनातून पुसली जाते, आणि मृतांचे आत्मे इतरांना पुनर्जीवन देण्यासाठी खर्ची पडतात. पुसलेल्या त्या स्मृती ‘लिव्हिंग मेमरी’ या प्रदेशात मूर्तिमंत करून ठेवलेल्या आहेत. आत्मा ही अद्भुताची आणि साठवण ही यंत्राची कल्पना; येथे त्या वेगळ्या काढता येत नाहीत, कारण शोक त्यांच्या सांध्यावरच उभा आहे.

आणि येथे खेळ नियमांनाही हात घालतो. तो प्रदेश चालवणारी केंद्रे एकेक करून बंद करण्याचे काम कथानायकाकडे, म्हणजे खेळाडूकडेच सोपवलेले आहे. प्रत्येक केंद्र बंद होताच त्या भागाचे रंग जातात, त्यातील माणसे नाहीशी होतात, आणि कथा संपल्यावरही त्या खेळाडूसाठी तो प्रदेश करडाच राहतो. उल्डुआरने जे केले नाही ते येथे घडते : उलगड्याचा परिणाम भूमीवर उरतो. पुढे खेळाडू तेथे परततात ते मात्र शिकारीसाठी आणि कच्चा माल गोळा करण्यासाठी. करड्या जमिनीवर उगवलेल्या त्या वस्तूंवर बाण नेला की तीच चौकट उघडते आणि आकडे दाखवते.