नागासाकीतली उपकारस्तुती : कृतज्ञतेचा मजकूर साधन म्हणून कसा वाचायचा?

संशोधन प्रस्ताव लिहायला बसलं की एक वाक्य हमखास उतरतं : 'या भीषण संकटानंतर लोकांना श्रद्धेचा आधार मिळाला.' भूकंप असो, दुष्काळ असो, युद्ध असो, वाक्य तेच. ऐकायला बरं वाटतं, गाईडही सहसा हरकत घेत नाहीत. पण व्हायवात कोणी विचारलं, की हा आधार तुम्हाला नेमका कुठे दिसला? मग आपण एखादं भाषण नाहीतर आत्मकथन पुढे करतो, ज्यात माणूस म्हणतो की मी देवाचा ऋणी आहे. अशा मजकुराची चिकित्सा करायची तरी कशी? करावी का? शोकात बुडालेल्या माणसाच्या कृतज्ञतेशी वाद घालणं बरं दिसत नाही. म्हणून बरेचजण तो मजकूर उद्धृत करतात, पुढे एक भावपूर्ण ओळ लिहितात आणि प्रकरण मिटवतात.

आज मी असाच एक मजकूर घेते आहे. तो कितीदाही वाचला तरी मला त्याच्यासमोर आरामात बसता येत नाही.

२३ नोव्हेंबर १९४५. जागा : नागासाकीचा उराकामी भाग. साडेतीन महिन्यांपूर्वी, ९ ऑगस्टला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी इथे अणुबॉम्ब फुटला होता. जपानमधली कॅथलिकांची सगळ्यात मोठी वस्ती याच भागात होती आणि त्यांचं कथीड्रल स्फोटाच्या केंद्रापासून जेमतेम ५०० मीटरवर. १५ ऑगस्टच्या मरियेच्या सणाची तयारी म्हणून लोक त्या सकाळी पापनिवेदनाला आले होते. धर्मगुरूंसकट आत असलेल्यांपैकी कोणी वाचलं नाही. उराकामीत सुमारे १२,००० कॅथलिक होते, त्यांतले सुमारे ८,५०० गेले. आता नोव्हेंबरात, कथीड्रलच्या पडक्या भिंतींपुढे मृतांसाठी मिस्सा होते आहे, आणि उरलेल्या श्रद्धावंतांच्या वतीने एक डॉक्टर बोलायला उभे राहतात.

हे ताकाशी नागाई. नागासाकी वैद्यकीय महाविद्यालयात क्ष-किरण विभागात काम करणारे. बॉम्बच्या आधीच, जून १९४५मध्ये त्यांना रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं होतं. वर्षानुवर्षं क्ष-किरणांत काम केल्याचा परिणाम. बॉम्बनंतर जखमी अवस्थेतच त्यांनी रुग्ण तपासले. घरी पोचले तेव्हा पत्नी मिदोरींची फक्त हाडं उरली होती, जवळ वितळलेली जपमाळ. दोन लहान मुलं दुसऱ्या गावी होती म्हणून वाचली.

हा माणूस त्या दिवशी काय म्हणतो, ते माझ्या शब्दांत सांगते. बॉम्ब खरं तर दुसऱ्या शहरावर पडायचा होता. तिथे ढग होते, म्हणून विमान नागासाकीला आलं; इथेही ठरलेली जागा सोडून तो उराकामीवर पडला. तेव्हा ही जागा वैमानिकांनी निवडली असं कसं म्हणायचं? त्या रात्री कथीड्रल पेटलं, त्याच वेळी तोक्योत सम्राट युद्ध थांबवण्याचा निर्णय घेत होते. शरणागती जाहीर झाली ती १५ ऑगस्टला, मरियेच्या सणाच्याच दिवशी. म्हणजे महायुद्धाच्या पापासाठी निर्दोष कोकरू हवं होतं आणि देवाने उराकामीला निवडलं. आपली माणसं हे होमार्पण होती. उराकामी निवडलं गेलं याबद्दल आपण देवाला धन्यवाद देऊ या.

वाचून राग आला? बहुतेकांना येतो. त्या रागाला तर्क देणारे लोक जपानमध्येच आहेत. नागासाकीचे कवी कान यामादा यांनी १९७२मध्ये नागाईंना थेट ढोंगी ठरवणारा लेख लिहिला. पुढे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक शिंजी ताकाहाशी यांनी या मांडणीला 'उराकामी होमार्पण सिद्धांत' असं नाव दिलं आणि तिच्यातली खरी अडचण दाखवली : निवड देवाने केली म्हटलं की दोघंजण एकदम सुटतात. युद्ध सुरू करून ते लांबवणारं जपानी राज्य सुटतं आणि बॉम्ब टाकणारी अमेरिकाही सुटते. हा आक्षेप मला बिनतोड वाटतो. त्यात माझी एक भर. नागासाकीत १९४५ अखेरपर्यंत गेलेल्यांचा आकडा सुमारे ७४,००० धरला जातो. कॅथलिक त्यांतले ८,५००. उरलेल्यांत बौद्ध होते, कशावरच विश्वास नसलेले होते, कामासाठी आणलेले कोरियन होते. त्यांना कोणी विचारलं होतं, की तुम्हाला कोकरू व्हायचं आहे का?

इथपर्यंत येऊन प्रकरण लिहून टाकायचा मोह होतो. थोडं थांबा, आणि भाषण ऐकायला कोण बसलं होतं ते बघा.

नागाईंनी स्वतःच आपल्या 'नागासाकीच्या घंटा' या पुस्तकात एक प्रसंग दिला आहे. सैन्यातून परतलेला एक उराकामीकर त्यांच्याकडे येतो. त्याची बायको आणि पाच मुलं गेली आहेत. तो म्हणतो, जो भेटतो तो मला सांगतो की बॉम्ब ही देवाची शिक्षा होती. मेले ते वाईट होते, वाचले त्यांच्यावर कृपा झाली. मग माझी बायकापोरं वाईट होती का? नागाई काही समजावत बसत नाहीत. येत्या मिस्सेसाठी लिहिलेलं भाषण त्याच्या हातात देतात. तो वाचतो, रडतो. शेवटी दोघांचं एकमत होतं, की गेलेले स्वर्गाच्या परीक्षेत पास झाले, नापास झालो ते आपण.

आता भाषण परत वाचा. 'शिक्षा' हा शब्द तेव्हा शहरभर फिरत होता. परक्या देवाला भजणाऱ्यांच्या वस्तीवरच बॉम्ब पडला, मग दुसरं काय होणार, असं शेजारीपाजारी बोलत होते, आणि उराकामीतल्याही काहींच्या मनात तेच घर करत होतं. ज्या आईची चार मुलं गेली तिच्यासमोर त्या घडीला दोनच शब्द होते : शिक्षा किंवा अर्पण. 'हा अमेरिकन हवाई दलाचा लक्ष्यनिर्णय होता' हा आपल्याला सोयीचा तिसरा पर्याय खरा आहे, पण पोरं वाईट होती का या प्रश्नाचं ते उत्तर नाही. नागाईंनी शिक्षेच्या जागी अर्पण ठेवलं. त्या पडक्या अंगणात त्या वाक्याचं काम एवढंच होतं.

इथे आपल्या भाषेचा उपयोग होतो बघा. मराठीत 'आभार' हे माणसांचे मानायचे, कार्यक्रमाच्या शेवटी. 'कृतज्ञता' ही मनातली भावना. पण मराठी ख्रिस्ती बोलीत तिसरा शब्द आहे, 'उपकारस्तुती'. ती चारचौघांत, उपासनेत, मोठ्याने करायची गोष्ट आहे. मन भरून आलेलं असो वा कोरडं पडलेलं, उपकारस्तुती होतेच. नागाईंचं भाषण मृतांच्या मिस्सेतलं आहे, म्हणजे ते उपकारस्तुतीच्या जातीचं. तुम्ही ते मुलाखतीसारखं वाचून कोडिंगच्या तक्त्यात 'भावना : कृतज्ञ' असं टाकलंत तर चुकीच्या रकान्यात टाकलंत. त्या दिवशी तिथे कोणाला कृतज्ञ वाटत होतं की नाही, हे या मजकुरावरून कळू शकत नाही. एका समाजाने ते म्हटलं, एवढंच कळतं.

आणि हे शब्द आले कुठून? सुरुवातीच्या वाक्यातला 'मिळाला' इथे अडखळतो. उराकामीला १९४५मध्ये श्रद्धा नव्याने मिळाली नव्हती. १५९७मध्ये नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवलं गेलं. त्यांतले एक, गोन्सालो गार्सिया, आपल्या वसईचे; वसईत त्यांच्या नावाचं कॉलेज आहे, तुमच्यापैकी काहीजण तिथे शिकलेही असाल. त्यानंतरच्या बंदीत इथल्या कुटुंबांनी अडीचशे वर्षं, धर्मगुरूंशिवाय, लपून प्रार्थना जपल्या. १८६५मध्ये ते उजेडात आले. लगेच पुन्हा धरपकड झाली, ३,३००हून जास्त उराकामीकरांना देशभर हद्दपार केलं गेलं आणि १८७३पर्यंत त्यांतले सहाशेहून अधिक परमुलखात मेले. परत आलेले त्या हद्दपारीला 'प्रवास' म्हणत. नुसता प्रवास! पवित्र प्रतिमा पायदळी तुडवायला लावत त्या गावप्रमुखाच्या जागेवरच त्यांनी पुढे हे कथीड्रल बांधलं. छळाला दुसरं नाव देऊन त्यातून चालत राहायची सवय या समाजाच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती. नागाई मूळचे इथले नव्हेत. विद्यार्थी असताना ते अशाच एका जुन्या ख्रिस्ती कुटुंबात भाड्याने राहिले, १९३४मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्याच वर्षी त्या घरच्या मुलीशी लग्न केलं. तीच मिदोरी. 'होमार्पण' हा शब्द बायबलमधला, पण तो ऐकून घ्यायची उराकामीची तयारी चार शतकांची होती.

मग नागाईंना सोडून द्यायचं का? नाही. कारण तोच मजकूर पुढे दुसऱ्या श्रोत्यांपुढे गेला.

हे भाषण 'नागासाकीच्या घंटा'मध्ये छापलं गेलं. पुस्तक १९४६मध्ये लिहून तयार होतं, पण अमेरिकी ताबा-प्रशासनाच्या सेन्सॉरने ते अडवून ठेवलं. जानेवारी १९४९मध्ये परवानगी मिळाली ती एका अटीवर : जपानी सैन्याने मनिलात केलेल्या कत्तलीचा वृत्तांत त्याच पुस्तकाला जोडायचा. आज मिळणाऱ्या बहुतेक आवृत्त्यांत तो भाग सापडत नाही, म्हणून पहिली आवृत्ती बघा असं ग्रंथालयवाले सांगतात त्याला अर्थ असतो. पुस्तक तुफान खपलं. त्याच वर्षी त्याच नावाचं गाणं गाजलं, सम्राट स्वतः अंथरुणाला खिळलेल्या नागाईंना भेटून गेले, १९५०मध्ये चित्रपट आला. ताब्याच्या प्रशासनाला हा मजकूर सोयीचाच होता असं काहीजण सरळ लिहून टाकतात. तसं असेल तर तो अडवला कशाला? बाँबने भाजलेल्या माणसांची वर्णनं त्यात आहेत, आणि सेन्सॉरला त्यांची भीती होती. मजकूर एकाच वेळी सोयीचा आणि गैरसोयीचा असू शकतो. मनिलाची ती पुरवणी नेमकी त्याचीच खूण आहे.

पण देशभरच्या वाचकासमोर 'निवड देवाची' हे वाक्य वेगळं काम करायला लागलं. तोक्योतल्या वाचकाच्या मुलांना कोणी वाईट म्हटलं नव्हतं. त्याला या वाक्यातून मिळालं ते सुटकेचं पत्र. ताकाहाशींचा आक्षेप इथे पूर्ण लागू पडतो. हिरोशिमा संतापते आणि नागासाकी प्रार्थना करते, अशी म्हणच जपानमध्ये पडली. आणि प्रार्थना करणाऱ्या शहराला मग फारसं काही विचारलं जात नाही.

याची किंमत उराकामीच्याच लोकांनी मोजली. फेब्रुवारी १९८१मध्ये पोप दुसरे जॉन पॉल जपानला आले. हिरोशिमात त्यांनी युद्ध हे माणसाचं काम आहे असं स्पष्ट म्हटलं, दुसऱ्या दिवशी ते नागासाकीत होते. बॉम्ब देवाने दिला असेल तर त्याबद्दल तक्रार कशी करायची, या विचाराने गप्प राहिलेले काही कॅथलिक त्यानंतर बोलायला लागले. १९४५ ते १९८१, छत्तीस वर्षं. सांत्वनासाठी दिलेला शब्द इतका काळ तोंडावरचं कुलूपही होऊन बसला होता, आणि ज्यांनी तो शब्द हृदयाशी धरला त्यांच्याच तोंडावर.

नागासाकीतले कॅथलिक इतिहासकार नागाईंची बाजू घेतात, ते नोव्हेंबर १९४५च्या संदर्भावर बोट ठेवून. टीकाकार बोलतात ते मुख्यतः १९४९नंतरच्या परिणामांबद्दल. वाद इतका लांबला याचं एक कारण मला हेच वाटतं, की दोघांच्या हातात शब्द तेच असले तरी साधनं दोन आहेत. यामादांचा 'ढोंगी' हा शब्द मात्र मी वापरणार नाही. ज्या माणसाने दोन चटयांच्या खोपटात पडून मुलांसाठी लिहिताना, तुम्हाला भेकड म्हटलं तरी युद्धाला नकार द्या असंही बजावून ठेवलं, त्याला तो बसत नाही. पण एका अंगणापुरतं खरं असलेलं वाक्य त्याने देशापुढे जसंच्या तसं ठेवलं, त्याची जबाबदारी त्याचीच.

नव्या अभ्यासातलं एक नाव जरूर वाचा : ग्विन मॅक्लेलँड, २०१९चं पुस्तक. त्यांनी उराकामीच्या वाचलेल्या कॅथलिकांच्या तोंडी आठवणी घेतल्या. त्यांत शोक आहे, राग आहे, देवाला विचारलेले प्रश्न आहेत. म्हणजे पुढाऱ्याच्या भाषणावरून समाजाचं मन ठरवायचं नाही, हे तिथे मुलाखतींतून दिसतं.

तुम्हाला सराव करायचा असेल तर जपानपर्यंत जायची गरज नाही. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आणल्या. मुक्ती मिशनचं इंग्रजी पत्रक पुढे परदेशातल्या देणगीदारांपर्यंत जायचं, आणि त्याच्या नावातही प्रार्थनेची घंटा आहे. ते वाचताना दोन रंगांची पेनं घ्या. देवाच्या नावाने केलेली स्तुती एका रंगाने, देणगीदारांचे आभार दुसऱ्या रंगाने. मग त्या मुलींचं स्वतःचं वाक्य कुठे सापडतं का ते शोधा, आणि ते कोणी लिहून घेतलं आहे, तेही समासात टिपून ठेवा.

पुढच्या पोस्टमध्ये मुलाखतींचं लिप्यंतर. बोलणारा गप्प होतो ते कागदावर कसं उतरवायचं, यावर बऱ्याच जणांनी विचारलं आहे.