पदर उलटा करून पाहा

तुमच्याही कपाटात, सुती कापडात गुंडाळलेली, एक पैठणी असेल. आज ती काढा आणि पदर उलटा करून पाहा.

गेल्या दिवाळीला बाड हॉम्बुर्गच्या आमच्या घरी जर्मन शेजारीण आली होती. माझा पदर हातात घेऊन म्हणाली, "हे तर गोबेलिन!" मी लगेच म्हणाले, "नाही, साडी." चूक माझी होती.

टॅपेस्ट्री म्हणजे भिंतीवरचं कापड नव्हे. ती विणण्याची एक रीत आहे. बाणा काठापासून काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाचा धागा आपल्या आकारापुरता जातो, शेजारच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो. पैठणीचा पदर असाच विणतात: जरीची जमीन, त्यात रेशमाचे मोर, प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी. म्हणून तो दोन्हीकडून जवळजवळ सारखा दिसतो. (गंमत म्हणजे बायोची जगप्रसिद्ध 'टॅपेस्ट्री', सुमारे ७० मीटर लांब, विणलेली नाहीच. ते भरतकाम आहे.)

पॅरिसचा राजेशाही गोबेलिन कारखाना १६६२चा. अठराव्या शतकात तिथल्या चित्रकारांनी, विशेषतः ज्यां-बातिस्त उद्रीने, विणकरांनी तैलचित्राची हुबेहूब नक्कल करावी असा आग्रह धरला. रंगछटा वाढत गेल्या आणि विणीची स्वतःची भाषा हरवली. विसाव्या शतकात ज्यां ल्युर्साने पुन्हा मोजके रंग आणि जाड वीण आणली, तेव्हा कुठे ती परतली. पैठणीचा बांगडी मोर पाहा: पायऱ्या-पायऱ्यांची कड, खऱ्या मोराशी बरोबरी करायची हौस नाही. मला तो उद्रीच्या काळातल्या कामापेक्षा प्रामाणिक वाटतो.

आपण मात्र पैठणीची चर्चा करतो ती जरीच्या वजनाची आणि किमतीची. मंडळाच्या कार्यक्रमात दहा पैठण्या दिसतात, त्यातल्या कितीतरी यंत्रमागावरच्या. त्या नेसण्यात वाईट काही नाही. पण त्यांच्या पदराच्या मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. हा फरक आपल्यालाच ओळखता येत नसेल, तर येवल्याच्या विणकराने हातमागावर महिनोन् महिने कशासाठी घालवावेत?

शेजारणीने शेवटी विचारलं, भिंतीवर का नाही लावत? उजेडाने रेशीम विटतं, मी म्हणाले. घड्यांवर जर चिरू लागली आहे, हे सांगितलं नाही. लग्नानंतर आठ वर्षांत ती मी तीनदा नेसले आहे. घडी मोडून ठेवली आहे, गणपतीत नेसेन.